आलो बघ

दुर्कसबाई आवळे प्रार्थनेला उभ्या राहिल्या
की पदर आपोआप डोक्यावर जायचे, साऱ्या सभेचे.
"हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या,
आम्ही अपात्र लेकरे तुझ्या सिंहासनासमोर…"
एकदा सुरू झालं की त्या वाक्याला सांधाच सापडायचा नाही,
जिथं एखादीनं 'आमेन' म्हणून सुटका करून घ्यावी.
माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "हे परम…"
आणि पुढं नुसता पंख्याचा आवाज.
पाळकीणबाईंनी खोकून मला सोडवलं.

त्या वर्षी बरेच उपाय केले.
सासऱ्यांची जुनी वही काढली :
सोमवारी आजारी, मंगळवारी प्रवासी,
बुधवारी राज्यकर्ते, पुढं पेन्सिलीच्या खुणा.
बुधवारी मला झोप यायची.
पहाटे साडेचारला गुडघे टेकले.
फरशी गार, डोक्यात डबा, गॅस, लाईटबिल.
भाचीनं नेलं तिच्या तरुण मंडळीत,
सगळे हात वर करून एकदम बोलत होते.
माझेही हात वर गेले
आणि केएमटीचा दांडा शोधत राहिले.

मी शिरोलीला फाउंड्रीत कोर बनवते.
कोर म्हणजे, कसं सांगू,
वाळूचा असतो तो. साच्याच्या पोटात ठेवायचा.
सभोवती लालभडक लोखंड ओततात,
निवलं की वाळू झटकून टाकायची.
गिऱ्हाईक पैसे मोजतं लोखंडाचे,
पाणी जातं ते पोकळीतनं.
पाळीला दोनशे चाळीस नग.
वाळू भर, ठोक, पेटी उघड.
वाळू भर, ठोक, पेटी उघड.

अमोसचा चाकणहून फोन नव्हता, चौथा दिवस.
ठोकता ठोकता तोंडातनं गेलं,
"कुठं हाय रं त्यो?"
शेजारची हसीना म्हणाली, "कोण?"
"तुला नाही," म्हणाले.
मग दुसरं कुणाला, ते मलाच संध्याकाळी
पंचगंगेच्या पुलावर कळलं.

आमच्याकडं बायका 'येते', 'जाते' म्हणत नाहीत.
'येतो' म्हणतात, 'जातो' म्हणतात,
माहेराहून निघताना, चुलीपुढनं उठताना.
आई दवाखान्यात शेवटचं बोलली तेही, "जातो आता."
आणि मी चर्चच्या पायरीवर चपलेबरोबर
तो 'तो' काढून ठेवायची,
पाहुण्यांसाठीचा 'ते' घालून आत जायची.
इतकी वर्षं देवाला मी
कुणी दुसरीच बाई दाखवत होते.

आता काढत नाही.
भरताना काही बोलत नाही. ठोकताना एक नाव घेतो.
उघडताना मागायचं नाही, बघायचं फक्त,
कोर अख्खा आला का.
भट्टीत जायच्या आधी फुटला तर
तीच वाळू परत चालते.
दोनशे चाळीस माणसं काही मला ठाऊक नाहीत,
मग त्यात सुपरवायझरपण येतो,
दुर्कसबाईंचा गुडघा येतो,
घाटावर गोधडी आपटणारी, नाव नसलेली म्हातारी येते.
पुष्कळ नग मुकेच जातात.
त्यांचीही मोजणी होते.

परवा सभेत परत माझं नाव घेतलं.
उठलो. पंखा होताच.
"आलो बघ, देवा," म्हणालो.
"अमोसला काम लागलंय, रातपाळी हाय,
जेवतोय का न्हाई तेवढं बघ.
ह्या बाईंचा गुडघा.
आणि माझं ते, तुला ठाऊक हाय ते.
असूदे. जातो आता."

संपली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
दुर्कसबाईंनी एक डोळा उघडला,
पदर सारखा केला,
आणि बऱ्याच उशिरानं म्हणाल्या, "आमेन."
बाहेर चपला शोधताना माझ्या कानाला लागल्या,
"आमची आईबी येतोच म्हणायची."
मग पायरी उतरताना माझा दंड धरून,
"पण गुडघ्याचं कशाला काढलंस गं चारचौघांत?"